मुदत संपलेल्या लायसन्सवरील घराचा ताबा

आमच्या मुलुंडच्या घराचा ताबा परत मिळाल्याचे समजल्यापासून ओळखीतील अनेक घरमालक भाडेकरू बाहेर कसा काढला, अशी चौकशी करत आहेत. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पोलीस ठाण्यातील ओळख किंवा एखाद्या वजनदार माणसाने घडवून आणलेली तडजोड असते. प्रत्यक्षात उपयोगी पडला तो दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा करार आणि त्याच्या आधारे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली केलेला अर्ज.

मुंबईकर घरमालकाच्या मनातली धास्ती जुनी आहे आणि ती निराधार नव्हती. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या चाळींतील भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली, म्हणून मालकांनी भाडेकरार टाळून लायसन्सची वाट धरली. पण १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला आणि ती वाटही बंद झाल्यासारखे झाले. माझ्या वडिलांच्या पिढीतील कित्येकांनी त्यानंतर रिकामे घर कुलूप लावून ठेवणे पसंत केले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या सध्याच्या कायद्यात पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नियंत्रित भाड्याने राहणाऱ्या भाडेकरूचे संरक्षण कायम आहे आणि त्याच्याकडून जागा हवी असल्यास मालकाला लघुवाद न्यायालयात कायद्याने सांगितलेले कारण सिद्ध करावे लागते. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराचे तसे नाही. तेथे मुदत संपली की ताबा देणे बंधनकारक असते.

आमच्याकडे राहणारे कुटुंब वाईट नव्हते. मुदत संपताना त्यांनी मुलांच्या परीक्षेचे कारण सांगितले, आम्ही थांबलो. मग मनासारखी जागा मिळत नाही असे झाले आणि पुढे तर फोन घेणेच बंद झाले, मात्र दरमहा पैसे खात्यात नेमाने जमा होत राहिले. ही रक्कम मुकाट्याने स्वीकारत राहिल्यास करार पुढे चालू असल्याचा दावा होऊ शकतो, म्हणून वकिलांच्या सल्ल्याने आम्ही ती हक्क राखून, केवळ नुकसानभरपाईपोटी घेत असल्याचे लेखी कळवले आणि अशा अर्जांसाठी भाडे कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला.

या अर्जाची रीत नेहमीच्या दाव्यापेक्षा वेगळी आहे. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत समोरच्याने शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागायची असते. ती त्याने मागितली नाही किंवा त्याला मिळाली नाही, तर अर्जातील विधाने मान्य असल्याचे धरून ताब्याचा आदेश होतो. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जात असल्यामुळे तोंडी मुदतवाढीच्या गोष्टीला फारसा वाव उरत नाही. शिवाय मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देण्याची तरतूद आहे, आणि माझ्या मते समोरच्याला खरी जाग आणते ती हीच. अर्थात समन्स बजावण्यात आणि तारखांमध्ये जाणारा वेळ कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही.

मधल्या काळात सोसायटीतील हितचिंतकांनी पाणी तोडण्याचा, ते गावी गेल्यावर कुलूप बदलण्याचा सल्ला आवर्जून दिला. तो मानला असता तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली, सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागण्याची संधी आम्हीच त्यांच्या हाती दिली असती आणि फौजदारी तक्रारीचे लचांड मागे लागले असते ते वेगळेच.

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज मला या निमित्ताने सुशिक्षित माणसांमध्येही आढळला. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो तो निराळाच. नोंदणीचा खर्च वाचवण्यासाठी दलालाने आणून दिलेल्या स्टॅम्प पेपरवर सही करणारे लाखोंचे घर कशाच्या भरवशावर देतात, हे मला अजून उमगलेले नाही.

आदेश झाल्यावर त्यांनी जागा स्वतःहून सोडली. वीजबिल, पाइप गॅसचे बिल आणि सोसायटीची थकबाकी वजा करून उरलेली अनामत रक्कम आम्ही चाव्या हाती पडताना धनादेशाने दिली, आणि घरातील वस्तूंची यादी जोडलेल्या ताबा पावतीवर दोन्ही बाजूंच्या व दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.