नाशकात पुण्य फार स्वस्त आहे

नाशकात मूल दत्तक घ्यायला जाणार असाल तर तिथे कुणाला सांगू नका, असं मी आता ओळखीपाळखीत सांगत सुटले आहे. लॉजच्या मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवून येण्याचं कारण विचारलं, नवऱ्याने जे खरं ते सांगितलं आणि तिथून सुरू झालं. ‘फार पुण्याचं काम केलंत साहेब.’ मग चहावाला, मग रिक्षावाला. झेरॉक्सवाल्याने तर गठ्ठाभर कागदांचे पैसेच घेतले नाहीत, ‘तेवढंच आमच्याही पदरात पुण्य.’ रामकुंडाच्या गावात पुण्याचा हिशोब जिभेवर असणारच, माणसंही मनाने चांगली. पण आम्ही कुणाचा उद्धार करायला आलो नव्हतो. आम्हाला मूल हवं होतं, बरीच वर्षं हवं होतं, आणि ते मिळत होतं. उपकार झालेच असतील तर आमच्यावर.

आम्ही मूळचे सांगलीकडचे, राहतो जर्मनीत, पासपोर्ट अजून भारतीय. परदेशातल्या भारतीयांना ‘कारा’ (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) रांगेत देशातल्या पालकांच्या बरोबरीने धरते. कागद मात्र परदेशी पालकांसारखेच: तिकडच्या संस्थेचा गृहअभ्यास अहवाल (आमचं घर-संसार तपासून लिहिलेला), तिकडची संमती, मग काराचं ना-हरकत, मग दत्तकाचा आदेश, मग देशाबाहेरच्या दत्तकांसाठीच्या हेग कराराच्या 23व्या कलमाखालचं प्रमाणपत्र, मग पोरीचा पासपोर्ट, मग व्हिसा. आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं, सप्टेंबर 2022 पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं. ना-हरकत हातात पडली की आदेशाची वाट बघतानाही मूल आपल्याजवळ ठेवता येतं, म्हणून आम्ही आधीच येऊन नाशकात तळ ठोकला.

मुलं सांभाळणारी संस्था शहराच्या कडेला. ताबा द्यायच्या दिवशी तिथे हार, नारळ, पेढे, फोटो असा सगळा थाट होता. अधीक्षक बाई, समाजसेविका, स्वयंपाकीण, वॉचमन, सगळे फोटोत. चिऊ (हे तिचं घरातलं नाव, खरं इथे लिहीत नाही) माझ्या कडेवर ताठ बसलेली. जिने तिला दोन वर्षं अंगाखांद्यावर वाढवलं ती मावशी तेवढी कुठे दिसेना. आदल्या दिवशी याच मावशीने मला तासभर जमिनीवर बसवून सगळं शिकवलं होतं. ‘झोपताना तिला कान लागतो. तिचा नाही, तुमचा. डावा. वरणावर लिंबू पिळू नका, थुंकून टाकती. पंखा पाचवर नको. ढगाला भीत नाही, पण कुकरची शिट्टी झाली की माझ्या लुगड्यात शिरती.’ मग जरा थांबून, ‘तिकडं कुकर असतो का हो ताई?’

‘असतो मावशी, आम्ही इथूनच नेलाय.’

‘मंग अवघड आहे,’ त्या म्हणाल्या.

मी गच्चीवर गेले तर मावशी दुपटी वाळत घालत होत्या. वळल्या नाहीत. दुपटं झटकलं, दोरीवर टाकलं, चिमटा लावला, पुढचं उचललं. मी खाली चला म्हटलं, फोटो काढू म्हटलं. ‘काम पडलंय. न्या आता तिला. झोप यायच्या आत गाडीत बसा, नाहीतर कान शोधंल.’ खाली पेढे वाटणं चालू होतं आणि कुणीतरी मला पुन्हा पुण्याबद्दल सांगत होतं. मला त्या क्षणी त्या माणसाचा इतका राग आला की मी पेढा परत ताटात ठेवला. दोन वर्षं रात्री-अपरात्री उठणाऱ्या बाईला नोकरी म्हणायचं आणि विमानाने आलेल्या आम्हाला पुण्यवान?

पुढचे आठवडे गेले. गाव 2027च्या सिंहस्थासाठी खणून ठेवलेलं, द्वारका चौकात रिक्षा बंद करून ड्रायव्हर खाली उतरून उभा राहायचा. मिसळीबद्दल नाशिककरांचा गर्व मात्र रास्त आहे. चिऊने पाव दह्यात बुडवून खाल्ला आणि रश्शाकडे संशयाने बघितलं. जिल्हाधिकाऱ्यांपुढची सुनावणी बंद दाराआड असते, म्हणून मी दडपून गेले होते, पण ती चहा निवायच्या आत संपली. त्यानंतर महापालिकेकडून जन्मदाखला मिळाला, त्यावर आमची नावं. तो मी लॉजच्या खाटेवर पसरून उगाच परत परत वाचला.

व्हिसासाठी मुंबईला जायचं तर पंचवटी एक्सप्रेस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. नाशिकरोडला सकाळी जी गर्दी आत घुसते ती पाहून मी परत फिरणार होते, पण पासवाल्या बायकांनी पोरीला खिडकीतूनच उचलून घेतलं. शेवटी जागा मिळाली, अर्धी. इगतपुरीपर्यंत त्यांचा डबा निघाला, चिऊच्या हातात चकली आली, आणि अपेक्षित प्रश्नही आला: ‘कुणावर गेलीये हो ही? तुमच्यावर तर नाही, ह्यांच्यावरही नाही.’

मी उत्तर जुळवत होते तोवर नवरा म्हणाला, ‘मावशीवर.’

‘वाटतंच!’ बाई खूश. कसारा घाटातले बोगदे सुरू झाले तेव्हा चिऊ त्यांचाच कान धरून झोपली होती.

पोर घरी पोचल्यापासून दोन वर्षं अहवाल पाठवावे लागतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा. पहिला गेला. त्यात वजन, उंची, लसी, भाषा असं सगळं आहे. हे मावशींपर्यंत पोचतं का, असं मी अधीक्षक बाईंना विचारलं. ‘अहवाल ऑफिसात राहतो. तुम्ही व्हिडिओ पाठवा, मी दाखवते.’ म्हणून परवा कुकरचाच पाठवला: तीन शिट्ट्या, चिऊ टेबलाखाली, डोळे मोठे, पण रडत नाही.

रात्री अधीक्षक बाईंच्या फोनवरून मावशींचा आवाज आला. ‘ताई, दुसऱ्या शिट्टीलाच गॅस बारीक करत जा. भात गिच्च होतोय तुमचा.’