गोळी कधी बंद करणार?

‘गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) सुटून इतकी वर्षं झाली, मग ही गोळी कधी बंद करणार?’ लग्नाच्या पंगतीत, भाऊबीजेला, चाळीच्या जिन्यात हा प्रश्न हमखास येतो. काळजीपोटीच येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ठरवलेलं नाही आणि घाईही नाही.

गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. ओएसटी केंद्रावर, म्हणजे गर्दासारख्या नशेच्या जागी औषध देणाऱ्या उपचार केंद्रावर, नर्स ती कुटून जिभेखाली ठेवायला देते आणि विरघळेपर्यंत समोर बसवते. गिळली तर फारशी लागू पडत नाही. मेंदूत गर्द जिथे काम करतं, तिथेच ही जाऊन बसते, पण तिचा अंमल एका मर्यादेपुढे चढत नाही. त्यामुळे टर्की येत नाही. टर्की म्हणजे नशा न मिळाल्यावर होणारा त्रास: नाक गळणं, पोटात मुरडा, हाडं ठणकणं, रात्रभर पाय आपटणं. ज्याने भोगली त्याला विचारा.

‘एक नशा सोडून दुसरी धरली’ असं कुणी म्हटलं की मात्र मी चिडतो. शरीराला गोळीची सवय आहे, अचानक बंद केली तर त्रास होईल, हे खरंच. पण पुडीच्या मागे दिवस जात नाही. मी लोकलने कामाला जातो, हिशेब लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ सालीच हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घातलंय.

डॉक्टर मधुमेहाचं उदाहरण देतात. मला ते अर्धंच पटतं. साखरेची गोळी घेणाऱ्याला कुणी तोंड उघडून दाखवायला लावत नाही! २०२०च्या लॉकडाऊनमध्ये गोळ्या घरी न्यायला मिळू लागल्या, तेव्हा कुठे आमच्यावर जरा विश्वास टाकला गेला.

घाई का नाही? केंद्रावरच्या एकाचं लग्न ठरलं. ‘मुलीकडच्यांना कळायला नको’ म्हणून घरच्यांनी गोळी बंद करवली. काही आठवड्यांत तो पुडीवर परतला. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुना डोस पेलत नाही. तो गेला. घरच्यांनी हार्ट अटॅक सांगितलं.

कमी करायची वेळ आली तर डॉक्टर आणि मी मिळून हळूहळू करू, त्रास झाला तर पुन्हा वाढवू. लग्नाची तारीख पाहून नाही. तोवर गणपतीला गावी येताना केंद्रावर आधी सांगून गोळ्यांची सोय करून येईन. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर विचारू नका.