हवा राहिली

त्या दिवशी दुसऱ्या शिफ्टला पॅकिंग लाइन अडकली. चाकणच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ट्रेनिंग बघतो, तेव्हा योगायोगाने तिथेच उभा होतो. मेंटेनन्सचा एक मुलगा पुढे झाला. आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी लागलेला, कामाला चोख. त्याने मेन स्विच पाडला, लाल कुलूप लावलं, स्वतःचा फोटो असलेला टॅग अडकवला, किल्ली खिशात टाकली. लांबून बघताना मला समाधान वाटत होतं.

मग तो वाकला आणि त्याने अडकलेलं खोकं ओढलं. खोकं सुटलं, त्याबरोबर फस्सकन आवाज झाला आणि सिलिंडरचा दांडा ताडकन पुढे आला. हात वीतभर अलीकडे होता, म्हणून बोटं वाचली.

वीज तोडली होती, हवेची लाइन तशीच चालू होती. व्हॉल्व्ह बंद करायचा, आत कोंडलेला दाब सोडायचा, मग स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच हलत नाही ना ते बघायचं. यातलं काहीच झालं नाही.

निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचा, रिपोर्ट लिहिताना त्याचं ट्रेनिंग रेकॉर्ड उघडलं. अकराच दिवसांपूर्वी त्याने मोबाइलवरचा लोटोचा (लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे काम करण्याआधी मशीन बंद करून कुलूप आणि टॅग लावण्याची पद्धत) कोर्स पूर्ण केला होता. दहापैकी दहा.

कँटीनमध्ये त्याला चहा दिला. हात अजून थरथरत होता. विचारलं, "मशीन बंद करायचे टप्पे सांग बघू." तीन सांगितले आणि थांबला. मी फोनवर त्याच कोर्सची स्क्रीन दाखवली. त्यावर तो लगेच म्हणाला, "हो सर, हेच! माहीत होतं मला."

तो खोटं बोलत नव्हता. समोर दिसलं की ओळखता येत होतं. पण मशीनपाशी चार पर्याय मांडून कोण ठेवणार? तिथे मनातून आठवावं लागतं, आणि आठवण्याचा सराव आम्ही त्याच्याकडून एकदाही करून घेतला नव्हता. चाळीस मिनिटांचा तो व्हिडिओ मीच बनवला होता. लोकांना तो आवडायचा, फीडबॅक उत्तम यायचा. आवडलं म्हणजे डोक्यात बसलं, असं मी धरून चाललो होतो.

त्या रात्री झोप लागली नाही, वाचत बसलो. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता, तेही 1885 सालापर्यंत. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त मेहनत वाया जाते, असं त्याला दिसलं. पण मला हलवलं ते अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 च्या प्रयोगाने. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. आमची चाचणी व्हिडिओ संपल्या संपल्या व्हायची, म्हणजे नेमकी फसवी वेळ.

व्हिडिओचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे केले. खरा बदल केला तो सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू होण्याआधी सुरक्षेवर होणाऱ्या छोट्या बैठकीत. कोऱ्या कार्डावर एकच प्रश्न, पर्याय नाहीत, आणि उत्तर लिहून झालं की तिथल्या तिथे बरोबर काय ते सांगायचं. तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने. कार्डावर नाव नाही, मार्क एचआरकडे जाणार नाहीत, यावर मी अडून बसलो. चुकायची भीती असेल तर माणूस शेजाऱ्याचं बघून लिहितो.

सुरुवातीला कुरकुर झाली, "रोज परीक्षा कशाला?" मग मी प्रश्न त्यांच्याच मशीनचे घेऊ लागलो: "तीन नंबरच्या लाइनवर वीज सोडून आणखी कुठे जोर साठलेला असतो?" हळूहळू लोक वाद घालू लागले, एकमेकांना मशीनपाशी नेऊन दाखवू लागले.

दोनेक महिन्यांनी त्याच लाइनवर पुन्हा खोकं अडकलं. वीस वर्षं काम केलेले एक ऑपरेटर कुलूप लावून आत वाकणार, एवढ्यात मागून त्याच मुलाचा आवाज आला, "काका, थांबा. हवा राहिली."

काकांनी व्हॉल्व्ह फिरवला. गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत दोघेही तिथेच उभे होते.