हळदीचा हिशोब आणि पाकिटावरचा कोड

वायगावची हळद आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातली. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुकानात ती बिननावाच्या हळदीशेजारीच पडून असायची. आईच्या बचत गटाची पाकिटं खपावीत म्हणून मी आधी फेसबुकवर जाहिरात दिली. लाइक आले, ऑर्डरी आल्या नाहीत.

उन्हाळ्यात वर्षाचं तिखट-हळद भरून ठेवायची आपल्याकडे रीत. तेव्हा गिऱ्हाईक हमखास विचारते, "चार माणसाच्या घराले किती लागन?" गटातल्या मावशींना ते तोंडपाठ. त्यांच्याच अंदाजावर मी मोबाइलसाठी एक छोटं वेब ॲप केलं: घरात माणसं किती, लोणचं घालता का, एवढंच विचारायचं. खाली किलो येतात आणि एक हिरवं बटण. ते दाबलं की गटाच्या व्हॉट्सॲपवर ऑर्डरीचा मजकूर लिहूनच उघडतो. लिंकमध्ये नंबरआधी भारताचा कोड 91 हवा. अधिकचं चिन्ह आणि सुरुवातीचा शून्य गाळायचा. बाकी सगळं एका एचटीएमएल फाइलमध्ये (वेबपान ज्यात लिहितात ती फाइल), गिटहब पेजेस या पानं ठेवायच्या सेवेवर, फुकट. वावराचा मोठा फोटो मात्र काढून टाकला, कारण गावातल्या रेंजवर तो उघडेपर्यंत माणूस निघून जायचा.

खरा फटका क्यूआर कोडनं दिला. पाकिटावरचा कोड स्कॅन केला की ॲप उघडावं म्हणून एका फुकटच्या साइटवर कोड बनवून स्टिकर छापले. तीन महिन्यांनी हिंगणघाटहून एका ताईंचा फोन आला, "दादा, हे तं भलतंच पान उघडून राह्यलं." कोडमध्ये आमचा पत्ता नव्हताच, त्या साइटची मधली लिंक होती, मुदत सरली तशी ती बंद झाली. साधा क्यूआर कधी संपत नाही, तो नुसता लिहिलेला मजकूर असतो. हे मला आधी कळायला हवं होतं. आई आणि तीन मावश्या रात्री अकरापर्यंत जुन्यावर नवे स्टिकर चिकटवत बसल्या, ते पाहून फार वाईट वाटलं.

आता डोमेन, म्हणजे वेबपत्त्याचं नाव, आमचं स्वतःचं आहे आणि कोडमध्ये थेट तोच पत्ता. पत्ता लहान, म्हणून चौकोन मोठे उमटतात. कोड बनवताना चूक-दुरुस्तीची पातळी निवडता येते, ती सगळ्यात वरची ठेवली. कोडचा सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. हळदीचे हात लागणाऱ्या पाकिटाला हे हवंच.

ऑर्डरी आता ॲपवरूनच जास्त येतात. मावशींनी आणखी एक प्रश्न घालायला लावला, "घरात लग्न आहे का?" तो काल टाकला.