जीभ अजून आय.पी.सी.मध्येच
आज फोर्टमधल्या एका लॉ फर्ममध्ये इंटरव्ह्यू झाला. वेळ अकराची, आत बोलावलं सव्वा वाजता.

सुरुवात चेक बाउन्सने. कलम 138: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, मग पैसे द्यायला 15 दिवस, ते उलटले की महिन्याच्या आत तक्रार. घडाघडा सांगितलं. मग फसवणुकीचं कलम विचारलं आणि तोंडातून निघालं 420! 1 जुलै 2024 पासून आय.पी.सी.च्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या, जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, आता ते 318(4), झोपेत विचारलं तरी सांगेन. पण ऐन वेळी जीभ घसरलीच. मॅडम हसून म्हणाल्या, "चालायचंच, आमच्या सरांचंही अजून हेच होतं."

शेवटी त्यांनी एक सातबारा पुढे सरकवला. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा (गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाची नोंद) होता, तो दाखवला. आधी फेरफार, म्हणजे ही नोंद कशी चढली त्याचा उतारा, काढून बघू म्हटलं. बाबांबरोबर तलाठ्याकडे घातलेले हेलपाटे इथे कामी आले म्हणायचे!

पगाराचं विचारलं तर "शिकायला भरपूर मिळेल." (या वाक्यावर घरभाडं भागत नाही हो.) कळवतो म्हणालेत. चर्चगेटला पोचलो तेव्हा तीन वाजले होते, आणि पोटात सकाळचा फक्त चहा.