पोते आणि मोजपट्टी

"काका, तिथं उंची मोजत नाहीत, माणूस बाहेर काढता येतो का तेवढंच बघतात."

अग्निशमन दलाच्या भरतीची तयारी करणारा पुतण्या आज पहाटे बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तांदळाचे पोते मिठीत धरून उलट्या पावली ओढत होता. अमेरिकेतील अग्निशमन भरतीच्या 'सीपॅट' या शारीरिक चाचणीत २२ किलोंहून जड जाकीट घालून जिने चढणे, सुमारे ७५ किलोंचा पुतळा ओढणे अशी ८ कामे १० मिनिटे २० सेकंदांत करावी लागतात, हे त्याने मोबाइलवर पाहिले होते.

आपल्याकडे सुरुवात मोजपट्टीपासून होते आणि तिथेच तो थोडक्यात कमी भरतो. पोते मात्र, शिवण उसवून तांदूळ सांडत असतानाही, त्याने खुणेच्या दगडापर्यंत नेलेच. (वहिनींना हे अजून कळायचे आहे.)

धुरात अडकलेला माणूस त्याची उंची विचारील काय?