झटका मशीनसाठी सोडियम-आयन पॅक: सेल निवडण्यापासून धुऱ्यापर्यंत

सोयाबीनवर रानडुकरं आणि रोही उतरायच्या आत पॅक, म्हणजे सेल जोडून केलेली बॅटरी, झटका मशीनला लागायला हवा. हे मशीन शेताभोवतीच्या तारेत झटके सोडतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी झडीत चार-सहा दिवस अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि पुढच्या हंगामात ती उभी राहत नाही. सोडियम सेलचं अर्धपोटी राहून काही बिघडत नाही, म्हणून हा खटाटोप.

सेल १८६५० मापाचे, ३.१ व्होल्ट, १.५ अ‍ॅम्पिअर-अवरचे. ३० मागवले. सगळे ३.१ व्होल्टवर आणून आठ दिवस तसेच ठेवले. २० मिलिव्होल्टपेक्षा जास्त उतरलेले ४ बाद, २ राखीव, उरले २४. सहा-सहा समांतर आणि असे चार गट एकापुढे एक: ९ अ‍ॅम्पिअर-अवर, वजन जेमतेम एक किलो. प्लसच्या टोकावर फिश पेपरची (करंट अडवणाऱ्या जाड कागदाची) चकती आधी चिकटवायची, मग ०.१५ मिमीची निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगने. थेट सोल्डर नको. उष्णतेने आतलं सील जातं. मशीनच्या वायरला ५ अ‍ॅम्पिअरचा फ्यूज.

बीएमएसमध्ये, म्हणजे सेलचं व्होल्टेज हद्दीत ठेवणाऱ्या बोर्डात, सगळ्यात जास्त घोळ होतो. साध्या लिथियमचं बोर्ड प्रत्येक सेल ४.२५ व्होल्टपर्यंत चढू देतं. सोडियमची हद्द ४.० आहे, त्यापुढे सेल बिघडतो. लिथियम फॉस्फेटचं बोर्ड ३.६५ ला तोडतं, म्हणजे एक गट थोडा पुढे गेला की चार्जिंग मध्येच बंद. सोडियमसाठीचंच बोर्ड घ्यावं. खालची हद्द १.५ व्होल्ट.

सोलर पॅनल आणि पॅकमधला चार्ज कंट्रोलर मुद्दाम १४.४ व्होल्टवरच ठेवला आहे, म्हणजे सेलमागे ३.६. पूर्ण भरायला १६ लागतात. पण मशीन उघडलं तर आतल्या कपॅसिटरवर १६ व्होल्ट छापलेलं आहे; तिथे तेवढाच दाब देणं म्हणजे कपॅसिटर फुटायची वाट पाहणं. खालची तोड १०.८ ठेवल्यावर हाती साडेचार अ‍ॅम्पिअर-अवर आले. मशीन सरासरी १८० मिलिअ‍ॅम्पिअर ओढतं, म्हणजे बारा तासांच्या रात्रीला सव्वादोनच्या आत. दोन रात्री निघतात. निम्मी क्षमता सोडली याची हळहळ नको, मशीन जास्त मोलाचं.

आता ऊन. या सेलची चार्जिंगची हद्द ४५ अंश. वैशाखात उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत दुपारी ६० च्या वर पारा गेला. पेटी उत्तरेला, पऱ्हाट्यांच्या कुडाआड, जमिनीपासून दोन फूट वर घेतली. गटांच्या मधोमध थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) ठेवून ४५ ला चार्जिंग तोडलं. २० वॅटचं पॅनल सकाळी दहा-साडेदहापर्यंतच रात्रीचा बराचसा खर्च भरून काढतं, राहिलेलं उतरत्या उन्हात. इलेक्ट्रोलाइट यातही ज्वलनशीलच असतं; सोडियम पेटत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणि तारेत मीटरवरून थेट करंट कधीच सोडू नका. माणूस मरतो, वाघही मरतो. करंट मशीनमधूनच गेला पाहिजे.

आता कामं दोन उरलीत. झडीसाठी तोड १०.० वर आणायची, पण आधी तेवढ्या व्होल्टेजला तारेच्या शेवटच्या खुंटाशी झटका टेस्टरने मोजायचा. तो कमजोर निघाला तर तोड आहे तिथेच ठेवून प्रत्येक गटात तीन सेल वाढवायचे.